ब्लॅक टीझलची ऑर्गनवाली

नेव्हिल बूथरॉइडच्या घरात तीन हजार आठशे तबकड्या होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीवर कोणी काय वाजवलंय हे त्याला तोंडपाठ होतं. हडर्सफील्डच्या एका लोकरीच्या गिरणीत तो मागाचा मिस्त्री होता. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरच्या काहींनी बाटली जवळ केली, ह्यानं तबकड्या. पुढे बायको गेली आणि स्वयंपाकघर सोडून सगळ्या भिंतींवर तबकड्यांच्या फळ्या चढल्या.

त्याचा जीव होता तो सत्तरच्या दशकातल्या रॉक बॅंडांवर. ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल ही बडी मंडळी त्याला आवडायचीच, पण त्याचं म्हणणं वेगळंच असे. तो म्हणायचा, ही पोरं काही आभाळातून पडली नव्हती. कोणी ओतशाळेतलं, कोणी गिरणीतलं, कोणाचा बाप खाणीत. जन्मल्यापासून कानांत यंत्रांची धडधड. गिटार हातात आल्यावर दुसरं काय बाहेर पडणार? चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात कारखान्यांना आठवड्याचे तीनच दिवस वीज मिळायची. तेव्हा नेव्हिल एकोणीस वर्षांचा होता. शेजारच्या गल्लीतली चार पोरं मेणबत्त्या लावून, विजेला न जोडलेल्या गिटारींवर तालीम करत बसलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. विजेवरचं वाद्य विजेविना शिकलेल्या माणसाला घाबरवायचं कशानं, असं त्याला अजूनही वाटे.

मोठ्या नावांवर लिहिणारे पुष्कळ होते. नेव्हिलनं आपल्याकडे घेतले ते विसरले गेलेले. दर तीन महिन्यांनी तो आठ पानांचं पत्रक काढायचा आणि एकशे चाळीस वर्गणीदारांना टपालानं पाठवायचा. ह्या विसरल्या गेलेल्यांत त्याचा सगळ्यांत लाडका बॅंड म्हणजे ब्लॅक टीझल. टीझल म्हणजे लोकरीच्या कापडावर लव उठवायचं काटेरी बोंड. नाव हडर्सफील्डलाच सुचावं असं. त्यांची एकच तबकडी, त्र्याहत्तर सालची. वेष्टनावर माळरानाच्या धुक्यात उभे चार केसाळ पुरुष, आणि मागे बारीक अक्षरांत : ‘ऑर्गन – कीथ हेग’. ह्या ऑर्गनसाठी नेव्हिल जीव टाकायचा. दुसऱ्या बाजूला, ऑर्गन एकटा वर चढत जातो तिथे ‘ठक’ असा एक आवाज येतो. संग्राहक त्याला ‘भुताचा ठोका’ म्हणत, आणि त्यावर त्यांची भांडणंही होत.

कीथ हेग तरुणपणीच मोटार अपघातात गेला होता. गेल्या वसंतात नेव्हिलनं त्याच्यावर चार पानांचा लेख लिहिला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी शहरातल्या सभागृहात तबकड्यांचा बाजार भरला होता. नेव्हिलच्या शेजारी नेहमीप्रमाणे डेरेक बसला होता. तो त्याचा गिरणीतला दोस्त, जिभेला हाड नसलेला. सत्तरी ओलांडलेली एक ठेंगणी बाई टेबलापाशी आली. अंगात पावसाळी कोट, हातात घडी घातलेलं पत्रक.

“हे तुम्हीच लिहिलंत का?”

“हो, मीच. वर्गणी भरायचीय?”

“नाही. मी ग्लेनिस. कीथची थोरली बहीण.”

नेव्हिल खुर्चीवरून उठलाच. “कीथची बहीण! बाई, तुमचा भाऊ म्हणजे काय हात होता हो!”

“होता ना. व्हॅन चालवायला,” ग्लेनिस शांतपणे म्हणाली. “बाकी वाजवायचं म्हणाल, तर वाढदिवसाचं गाणंसुद्धा त्याला एका बोटानं धड जमायचं नाही. तबकडीवर ऑर्गन मी वाजवलाय.”

डेरेकच्या हातातला चहाचा कप अर्ध्यावरच थांबला.

“हे बघा,” नेव्हिलचा आवाज चढला, “तीस वर्षं मी ह्या बॅंडचा अभ्यास करतोय. वेष्टनावर स्वच्छ छापलंय.”

“छापलंय खरं. मी सात महिन्यांची गरोदर होते. कंपनीचा माणूस म्हणाला, रॉक बॅंडच्या फोटोत पोटुशी बाई उभी केली तर दुकानदार हसतील. मग फोटोत कीथ उभा राहिला, आणि नावही त्याचंच गेलं. आडनाव तेच, कोणाला काय कळतंय.”

“असं काय, कुणीही सांगेल.”

“सांगेल की. पण आजवर कोणी आलं का सांगायला?” तिनं पत्रक त्याच्या टेबलावर ठेवलं. “आणि तो तुमचा भुताचा ठोका, तो माझ्या गुडघ्याचा. पोट आड यायचं म्हणून स्टूल मागे ओढून तिरकी बसले होते. पेडलवर पाय न्यायला गेले तर गुडघा आपटला. पुन्हा वाजवते म्हटलं, तर म्हणाले स्टुडिओची वेळ संपली. बुधवारी मी गोलकार गावातल्या चॅपेलात चहा करते. वाटलं तर या.”

ती गेली. डेरेकनं कप खाली ठेवला.

“नेव्हिल, लेका, त्या बाईला तू बस म्हणालासुद्धा नाहीस.”

“खोटं बोलत असेल तर?”

“आणि खरं बोलत असेल तर?”

दुपारी घरी येऊन नेव्हिलनं ब्लॅक टीझलची फाइल उघडली. कीथला वाजवताना पाहिलेला एकही माणूस त्याला तीस वर्षांत भेटला नव्हता, हे त्याला आत्ता दिसलं. जे काही होतं ते त्या वेष्टनावरून उचललेलं. मग त्यानं स्वतःचाच लेख वाचायला घेतला. ‘हे सूर गिरणीत घडलेल्या दणकट पुरुषी पंजाखेरीज निघणं शक्य नाही,’ असं त्यानं ठासून लिहिलं होतं. वाचता वाचता त्याचे कान तापले. तबकडी लावायचा मात्र त्याला धीर झाला नाही.

बुधवारी त्यानं छोटा ग्रामोफोन आणि ती तबकडी पिशवीत घातली आणि बस पकडली.

चॅपेलातली म्हातारी मंडळी चहा पिऊन पांगत होती. ग्लेनिस कपबश्या विसळत होती. त्याला पाहून तिनं ओल्या हातानंच खुर्ची दाखवली. नेव्हिलनं ग्रामोफोन टेबलावर मांडला आणि दुसरी बाजू लावली. ती समोर येऊन बसली. म्हणाली, “पन्नास वर्षांत ऐकलं नाही हे. माझ्याकडे प्रतच नाही.”

ऑर्गन सुरू झाला. ग्लेनिसनं डोळे मिटले आणि तिची बोटं टेबलाच्या मेणकापडावर चालू लागली. संधिवातानं सांधे सुजलेले, करंगळी नीट वळत नव्हती. पण नेव्हिलनं अख्खी हयात माग आणि मागावरचे हात पाहण्यात घालवली होती. ही बोटं सुरामागून जात नव्हती. प्रत्येक वळणावर ती कणभर आधी पोचत होती आणि सूर मागून येत होता. पुढे काय येणार हे ऐकणाऱ्यालाही पाठ असतं, त्यालाही होतं. पण ते कुठल्या बोटानं येणार, हे फक्त ते हातच जाणतात.

बाजू संपली. सुई नुसतीच घरघरत राहिली.

“बाई,” नेव्हिल म्हणाला, “त्या दिवशी मी तुम्हाला खोटारडी समजलो.”

“समजलात खरे.”

“माझं चुकलं.”

“चहा घ्याल?” ग्लेनिस म्हणाली. “गार झालाय, पण केक ताजा आहे.”

पुढच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर नेव्हिलनं मोठ्या अक्षरांत मथळा दिला : ‘मी चुकलो’. खाली सगळी हकिगत, स्वतःचं पुरुषी पंजाचं वाक्य शब्दशः उतरवून. नऊ जणांनी वर्गणी बंद केली. भुताच्या ठोक्यावर स्वतंत्र पुस्तिका काढलेल्या एका गृहस्थानं तर तीन पानं शिव्या लिहून पाठवल्या. पण साठच्या वर पत्रं ग्लेनिसच्या नावानं आली, एक थेट नॉर्वेहून. नेव्हिल ती दर बुधवारी चॅपेलात नेऊन द्यायचा. ती चष्मा लावून एकेक वाचायची आणि म्हणायची, “वेडे आहात सगळे.” पण पत्रं जपून पर्समध्ये ठेवायची.

चॅपेलच्या मागच्या खोलीत विजेवरचा एक जुना ऑर्गन धूळ खात पडला होता. वीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. नेव्हिलनं एकदा झाकण उघडून आत डोकावलं आणि त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. चार बुधवार तो पाठीवर पडून आत हात घालत होता. डेरेक बाजूला विजेरी धरून उभा राहायचा आणि फुकटचे सल्ले द्यायचा.

“अरे, ती तार तिथे नाही!”

“तुला काय कळतंय त्यातलं? तू गिरणीत आयुष्यभर तुटलेल्या धाग्यांच्या गाठी बांधल्यास.”

“म्हणूनच म्हणतो. सुटलेलं काय ते मला लगेच दिसतं.”

पाचव्या बुधवारी ऑर्गनला कंठ फुटला. दोन पट्ट्या मुक्याच राहिल्या. ग्लेनिस स्टुलावर बसली, हात चोळले. नेव्हिल भिंतीला टेकून उभा राहिला. दुसऱ्या बाजूचा तो चढता तुकडा येणार, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

तिनं वाजवलं ते वेगळंच. संथ, मधेच अडखळणारं. मुक्या पट्टीपाशी ती वळसा घालून पुढे जाई. नेव्हिलनं मनातल्या मनात सगळ्या फळ्या धुंडाळल्या, पण ते कुठेच सापडेना.

“हे कोणत्या तबकडीवरचं?” त्यानं विचारलं.

“कुठल्याच नाही. पोरं झोपली की भांडी घासताना डोक्यात चालायचं. अशी सहा-सात आहेत.”

नेव्हिलनं खुर्ची ओढून ऑर्गनच्या जवळ घेतली. पन्नास वर्षांपूर्वी थांबलेलंच ऐकायची त्याच्या कानांना सवय होती. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नाही, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

“पुढचं वाजवा की,” तो म्हणाला.

“पुढचं अजून नीट बसलं नाहीये.”

“असू दे हो. बुधवार पुष्कळ आहेत.”

डेरेकनं विजेरी खिशात टाकली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.