दोन सीटचं विमान

मुखेडच्या तनुजाला वैमानिकाचं लायसन मिळून तीन वर्षं झाली होती, पण विमान काही मिळालं नव्हतं. शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं तिला कामावर घेतलं, तेही विमान चालवायला नव्हे, विकायला. हौसेनं उडवायचं, दोन सीटचं हलकं विमान. गुजरात-पंजाबात कंपनीला गिऱ्हाईक सापडलं होतं. आता मराठवाडा चाचपायचा होता. मॅनेजर रविकिरण म्हणाला होता, "तिकडं एक विकून दाखव. लातूरला उड्डाण शिकवायचं केंद्र काढू, आणि शिकवणारी तू." त्या एका वाक्यापायी ती नांदेड-लातूर पालथं घालत होती.

पैशाचा तुटवडा नव्हता हो. पोराच्या वरातीला हेलिकॉप्टर आणणाऱ्यांना हे विमान म्हणजे किस झाड की पत्ती. घोडं भलतीकडंच अडत होतं. नांदेडच्या कंत्राटदारानं फोटो पाहून विचारलं, "दोनच सीटा? आन् आमची माणसं कशात येतील?" कंधारच्या पुढाऱ्यानंही तेच विचारलं. मागं चार गाड्या असल्याशिवाय जो चहालाही बाहेर पडत नाही, तो एकटा आभाळात जाऊन करणार काय? तिथं नमस्कार करायला कुणी नसतं. पण हे पुण्यातल्या शहाण्यांना कोण सांगणार?

अहमदपूरच्या बसलिंगप्पांनी मात्र तिला बसवून घेतलं, चहा पाजला. त्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. फोटो निरखून म्हणाले, "लई भारी हाय बाई. घेऊन टाकू."

तनुजाचा आनंद गगनात मावेना. "अप्पा, धावपट्टी लातूरची वापरू. सुरुवातीला मीच..."

"धावपट्टी कशाला? कॉलेजच्या गेटावर खांब उभा करून राहिलोत, त्याच्यावर बसवायचं. शेजारच्या कॉलेजवाल्यानं रणगाडा ठेवलाय न्हवं. इंजिन तुम्ही काढून घ्या, तेवढी किंमत कमी करा."

"अप्पा, हे उडणारं विमान आहे."

"हाव की. उडणारंच पायजे. खोटं ठेवलं तर लोक हसतील."

तिथूनच उठून यायला हवं होतं. पण एक विकलं की केंद्र निघणार होतं. तिनं मान डोलावली.

रविकिरणचा फोन आला तो हसतच. "कमाल केलीस! आणखी पाच कॉलेजांनी विचारलंय."

"आणि केंद्र?"

"अगं, खांबावरच्या विमानाला पायलट कशाला? तू विक्रीच बघ."

उद्घाटनाला अप्पांनी हट्ट धरला, आपल्या भागातली पोरगी पायलटच्या ड्रेसात आत बसली पाहिजे. ती बसली. संताप होत होता, तोही स्वतःचाच. पण तीन वर्षांत तिला कुणी विमानात बस म्हटलं नव्हतं. क्रेननं विमान उचललं. हलगी कडाडली, फटाके फुटले, खाली पहिल्या वर्षाच्या पोरी हात हलवू लागल्या. विमान खांबावर टेकताच तनुजाचा हात सवयीनं समोरच्या, विमान वळवायच्या दांड्यावर गेला. तो हलवला तशा पंखांच्या कडा वरखाली झाल्या. सगळं शाबूत होतं.

खालून मिस्त्री ओरडला, "ताई, हलू नका हो! बोल्ट आवळून राहिलो."

तनुजानं दांडा सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.