अकरावं नाव

जांभळट टोपी, कडेला पीस खोचलेलं. नऊ वर्षं खोक्यात.

निळी किंवा काळी शाई. पेन्सिल चालणार नाही.

गुडघ्यातलं पाणी सुईने काढतात तेव्हा ते फिक्या चहासारखं दिसतं.

व्हेनेझुएलात, माराकाय गावी, एक माणूस सकाळी टायर विकतो आणि दुपारी पोरांना जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू कसा उचलायचा ते दाखवतो.

ओहायोतला एक दातांचा डॉक्टर दवाखाना बंद केला की टक्केवारी मांडतो.

चारशे एक्याण्णव.

कोपऱ्यावरची टपालपेटी चारला उघडतात.

*

मी वेरा लिंडक्विस्ट. एकतीस वर्षं एका शहरातल्या एका क्लबचं बेसबॉल लिहीत आले. ऑर्विल टिस्डेल त्या क्लबचा डावखुरा फटकेबाज. एकवीस मोसम, ४९१ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले चेंडू. आता छप्पन्न वर्षांचा आहे, जिना उतरताना कठडा धरतो.

आम्हा लिहिणाऱ्यांच्या संघटनेत दहा वर्षं काढली की हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या दालनासाठी, मत देता येतं. हिवाळ्यात कागद टपालाने येतो. जास्तीत जास्त दहा नावांपुढे खूण करायची, सही करायची, एकतीस डिसेंबरचा शिक्का बसेल असं पाठवायचं. शंभरात पंचाहत्तर मतं पडली तर खेळाडूची ब्राँझची पाटी भिंतीवर जाते आणि तिथून कधी उतरत नाही. पाचाच्या खाली राहिला तर पहिल्याच वर्षी नाव यादीतून गेलं. मधले पुढच्या वर्षी पुन्हा उभे. पण दहाच वर्षं.

ऑर्विलचं हे दहावं होतं. नवव्या वर्षी त्याला बहात्तर टक्के मिळाले होते.

*

प्रेसबॉक्समध्ये माझ्या शेजारी बक स्टोव्हर बसतो. एकाहत्तर वर्षांचा, ऑर्विलला एकदाही मत न दिलेला. हे भांडण कुठल्याही वर्षीचं समजावं, कारण ते दर वर्षी होतं.

"पाचशे झाले असते तर मी डोळे मिटून खूण केली असती."

"नऊने काय फरक पडतो, बक?"

"तुझ्या घराचं दार नऊ इंचांनी आखूड निघालं तर काय फरक पडतो?"

"शेवटच्या सप्टेंबरमध्ये तो स्वतःहून बाकावर बसला. नव्या पोरांना खेळू दे म्हणाला. नाहीतर झाले असते पाचशे."

"गुडघ्यात बादलीभर पाणी होतं म्हणून बसला. आणि तो पळायचा कसा, आठवतं ना? जिन्यावरून फ्रिज उतरवतात तसा."

"फ्रिजने चारशे एक्याण्णव मारले."

"आणि अडीच हजार वेळा हवेत बॅट फिरवून परत आला. 'बरा होता' असं एक वेगळं दालन काढा. पहिली वीट मी देतो."

नऊ वर्षं मी याला छापून उत्तर दिलं. आमचा क्लब हरायचा, ऑर्विलच्या मागे खेळायला धड कोणी नसायचं, त्यामुळे पिचर त्याला मारता येईल असा चेंडू टाकतच नसत. तरी याने एवढे मारले. हे मी नऊ वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं. ऑर्विलची आई ते कापून फ्रिजवर लावायची.

कधीकधी बकचं मला पटायचं. ते मी छापलं नाही.

*

डिसेंबर. स्वयंपाकघरातलं टेबल. कागद.

ज्यांना मत द्यायचं ते मोजले तर अकरा होतात. पुन्हा मोजले. अकराच.

अकरावा एलाडिओ बोर्हास. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा. सोळा मोसम, आता माराकायला टायर विकतो. बॅटने साधारण; पण त्याचे हात मी पाहिले आहेत. चेंडू त्याच्या हातात यायचा आणि निघायचा यात थांबणं नसायचं. यादीत त्याचं पहिलं वर्ष. बरेच लेखक आपली मतपत्रिका आधीच छापतात, दातांचा डॉक्टर त्या सगळ्या गोळा करून बेरीज इंटरनेटवर टाकतो. त्याच्याकडे बोर्हास दोन टक्क्यांवर होता. म्हणजे गेला.

ऑर्विल एक्याऐंशीवर होता. म्हणजे पोचला.

आम्ही सगळे हे करतो. जो पोचलाच आहे त्याच्यावरचं मत वाचवायचं आणि जो बुडतोय त्याला द्यायचं. याला आम्ही डोकं वापरणं म्हणतो.

नऊ खुणा केल्या. दहावी बोर्हासपुढे. ऑर्विलचा चौकोन रिकामा ठेवला. सही. पाकीट. कोपऱ्यावरची पेटी. परत येताना दूध आणलं.

*

(छापायला घेतलेला आणि न छापलेला स्तंभ, पहिला परिच्छेद:)

यंदा माझ्या यादीत ऑर्विल टिस्डेल नाही हे पाहून वाचकांना धक्का बसेल. घाबरू नका. त्याला माझी गरज उरलेली नाही.

*

पाच जानेवारीला आमच्या कचेरीतला कोडी रेनर माझ्या टेबलाशी आला. बेचाळिशीचा, मताचा हक्क मिळून दोनच वर्षं झालेला. खुशीत होता.

"बाई, तुम्हाला राग येणार नाही ना? मी टिस्डेलची जागा दुसऱ्याला दिली. तो काय, जातोच आहे. डेन्व्हरच्या माझ्या मित्रानेही तेच केलं. म्हटलं, तुम्ही आहात की त्याच्यासाठी."



दुपारी बकला फोन केला.

"बक, डॉक्टरच्या यादीत दोनशेच मतपत्रिका आहेत. बाकीचे दीडदोनशे कोण?"

"आम्ही. म्हातारे. आम्ही काही छापत नाही, इंटरनेटवरची पोरं शिव्या घालतात. गुपचूप पाठवतो."

"आणि तुमच्यात ऑर्विल?"

"दर वर्षी छापील आकड्याच्या खालीच येतो तो. तुला ठाऊक आहे हे."

ठाऊक होतं. दर वर्षी मीच ते लिहिते.

"का गं? घाबरलीस? तुझं तर पडलंय ना त्याला?"

"हो," मी म्हणाले. बकशी मी तेवढं एकदाच खोटं बोलले आहे.

मग संघटनेच्या कचेरीत फोन. एक सभ्य बाई.

"सही झालेली मतपत्रिका बदलता येत नाही, मॅडम."

"उघडली नसेल तरी?"

"उघडली नसेल तरी."

"समजा एखाद्याची चूक झाली असेल."

"चौकोन चुकून भरला गेला का?"

"नाही. चुकून रिकामा राहिला."

"रिकामा ठेवण्याचा तुम्हाला अधिकारच आहे, मॅडम."

पुढचे अठरा दिवस मी रोज दातांच्या डॉक्टरचं पान उघडलं. आकडा एक्याऐंशीवरच होता. जे हलत होतं ते त्या पानावर नव्हतं.

*

निकालाच्या दिवशी ऑर्विलने मला घरी बोलावलं होतं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. तीन वाजता गेले.

निवडलेल्याला आधी फोन येतो, टीव्हीवर नाव नंतर. सव्वापाचपर्यंत फोन आला नाही तर समजून घ्यायचं. फोन जेवणाच्या टेबलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला होता. भोवती तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर आणि मिस ओडेसाने केलेला पाउंड केक. मिस ओडेसा म्हणजे ऑर्विलची आई, ब्याऐंशी वर्षांच्या. मिसिसिपीहून तीन दिवस आधी आल्या होत्या आणि टोपीचं खोकं मांडीवर घेऊन आल्या होत्या. ही टोपी त्यांनी ऑर्विलच्या पहिल्या वर्षी घेतली, पाटी लागेल त्या दिवशी घालायला. एरवी चर्चलासुद्धा घातली नाही.

"पोरी, वाळलीस," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्यांना जेवायला देत नाहीत का?"

"देतात, मिस ओडेसा. तुमच्यासारखं नाही देत."

"ऑर्विल, हिला मासा वाढ. नऊ वर्षं हिने तुझी बाजू लढवली. तुझ्या सख्ख्या भावाने लढवली नाही."

"अम्मा, भाऊ विमा विकतो. त्याला कोण विचारतंय?"

"विचारलं असतं तरी त्याने तुला विमाच विकला असता."

सगळे हसले. मीही हसले. मासा गिळला.

पाच वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. ऑर्विल उठला, गुडघा लागला, टेबल हललं. मिस ओडेसांनी डोळे मिटले.

"हॅलो? हो, मी ऑर्विल टिस्डेल." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "हो. हो ताई. उद्या घेऊन जाईन. थँक यू." त्याने फोन टॉवेलवर परत ठेवला. "औषधांचं दुकान. गुडघ्याच्या गोळ्या तयार आहेत म्हणे."

मिस ओडेसांनी डोळे उघडले.

पाच पंधरा. पाच वीस. शेजारचा कुत्रा. पाच पंचवीसला ऑर्विलने स्वतः जाऊन टीव्ही बंद केला, आणि मग कोणाला तरी आकडा कळला पाहिजे म्हणून सहाला परत लावला.

मतपत्रिका ३९१. लागणारी मतं २९४.

टिस्डेल २९२.

आणखी खाली, ज्यांची नावं भराभर सरकतात तिथे: बोर्हास १४. यादीत राहायला वीस लागतात.

*

हा भाग मला क्रमाने आठवत नाही. ऑर्विल मागच्या दाराने अंगणात गेला. मी मागे गेले. थंडी होती आणि दोघांच्याही अंगावर कोट नव्हते.

"दोन," तो म्हणाला. "लिंडी, शंभरने गेलो असतो तर आता मी मासा खात बसलो असतो."

"ऑर्व."

"दोन माणसं. त्यांनी सकाळी उठून दात घासले असतील."

"ऑर्व, त्यातली एक मी आहे."

त्याने मान वळवली. मारता येईल असा चेंडू दिसला की तो जसा आधी काहीच करायचा नाही, तसा.

"परत म्हण."

मी म्हटलं. सगळं सांगितलं. दहा चौकोन, अकरा नावं, दातांचा डॉक्टर, एक्याऐंशी.

"म्हणजे तुला खात्री होती."

"हो."

"मलाही होती." तो कठड्यावर टेकला. "आणि एलाडिओला किती पडली?"

"चौदा."

"लागतात?"

"वीस."

"म्हणजे तुझं मत कुणालाच लागलं नाही." तो हे मला लागावं म्हणून बोलत नव्हता. तो फक्त चेंडू कुठे पडला ते पाहत होता. "एलाडिओचे हात मात्र काय होते गं. एकदा मी मारलेला, पक्का दोन बेसचा फटका, त्याने पोटावर पडून अडवला. मी भर मैदानात आई काढली त्याची."

"शिव्या मला दे, ऑर्व."

"देईन. आज सुचत नाहीत." मग म्हणाला, "एकच विचारतो. फक्त गणितच होतं ना? की आतून तुलाही वाटत होतं, मी तिथला नाही?"

"फक्त गणित."

मी लगेच म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की ते खरं होतं की नाही हे पाहायला मला वेळच मिळाला नाही. तेव्हापासून पाहते आहे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

"अम्माला सांगू नकोस. तिला तू आवडतेस, आणि तिचं आता फारशा माणसांवर प्रेम उरलेलं नाही."

"असं कसं आत जाऊ मी?"

"दाराने. मी तीन वेळा चेंडू हुकून आउट झालो की असाच जायचो. पन्नास हजार माणसं बघत असायची. तिथे तर एकच बाई आहे."

*

आत मिस ओडेसा टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. खोकं पायाशी खाली होतं. त्यांनी माझ्याकरता खुर्ची ओढली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गरम होते, केकच्या साखरेने चिकट.

"तू रडू नकोस, पोरी. तू तुझं केलंस."

"मिस ओडेसा—"

ऑर्विलने दाराशी उभ्या उभ्या मान हलवली. नाही.

"ती दोन माणसं कोण आहेत ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यालाही ठाऊक नाही असं समजू नये त्यांनी." त्यांनी बोट छताकडे केलं. "मी त्यांचं वाईट चिंतत नाही. माझ्या आईने शिकवलं नाही तसं. मी एवढंच मागते, की ती दोघं म्हातारी व्हावीत, त्यांना गुडघेदुखी लागावी, आणि औषधांच्या दुकानातून फोन आला की दर वेळी त्यांना माझा ऑर्विल आठवावा. हे जास्त झालं का?"

"नाही, मिस ओडेसा."

"मग आमेन म्हण."

मी ऑर्विलकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"आमेन," मी म्हणाले.

त्यांनी केकचा मोठा तुकडा कापला, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळला आणि खुंटीवरच्या माझ्या कोटाच्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबला. "उद्या लिहिताना खा," म्हणाल्या. "आणि त्यांना सोडू नकोस. चांगलं झाडून काढ."

गाडीत बसले तेव्हा संपादकाचा निरोप आला होता: टिस्डेलवर बाराशे शब्द, आठपर्यंत, तुझ्याशिवाय कोण लिहिणार.

*

(आठला पाठवलेला स्तंभ, पहिला परिच्छेद:)

ऑर्विल टिस्डेलने मोठ्या लीगमध्ये पहिला होमरन मारला तो बाविसाव्या वर्षी, एप्रिलमधल्या एका बुधवारी. चौथ्या डावात पाऊस आला, पाच डाव पुरे होण्याआधीच सामना रद्द झाला, म्हणून मोजला गेला नाही, आणि तो होमरन कुठल्याही नोंदीत नाही.