दादाचा पेला

धाकटीच्या मानेवरची गाठ चाचपून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा निकाल समजावला. "हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि मग अंगात निजून राहतो. तुम्हाला तो तेव्हा झालाच नाही, आता भावाच्या किडनीबरोबर आला. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या औषधांनी शरीराचा पहारा ढिला पडला आणि त्यानं डोकं वर काढलं. ही गाठ त्याचीच."

धाकटीला दादाचा पितळी पेला आठवला. लहानपणी एकदा दादा तापानं फणफणला होता, गळा सुजला होता, आणि आईनं त्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवला होता. शाळा बुडावी म्हणून त्यातूनच पाणी प्यायचा हिनं केवढा हट्ट धरला! शेवटी आईनं तिला मावशीकडे धाडलं.

"ती औषधं कमी करावी लागतील, नाहीतर गाठ जिवावर बेतेल. त्यात किडनी जाऊही शकते."

धाकटीनं शेजारी बसलेल्या दादाकडे पाहिलं. "तू दिलेलं मी घालवू?"

"दिलं ते दिलं. तू राहिलीस म्हणजे झालं," दादा म्हणाला. "माझा ताप हवा होता ना? घे आता!"

"आईनं दोघांनाही झोडपलं असतं," ती डोळे पुसत हसली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "करा कमी."