मेलेल्या विमानाची दोन मिनिटं

नेवाडाच्या वाळवंटातल्या त्या सरावात मरणं फार सोपं होतं. क्षेपणास्त्र खोटं, शत्रूही खोटा. जमिनीवर बसलेला पंच रेडिओवर तुमचा नंबर घेऊन "मेलास" म्हणाला, की लढाई सोडून निमूट उत्तरेला वळायचं. हुज्जत घालायची नाही. सगळा डोलारा उभा होता तो एवढ्याशा सचोटीवर.

हे स्क्वाड्रन लीडर जाइल्स थ्रेलफॉलला कुणी शिकवायची गरज नव्हती. ब्रिटिश तुकडीतला तो सगळ्यात जुना वैमानिक, सतरा वर्षं नव्या पोरांना हेच घोकवत आलेला. पण शेवटच्या दिवशी चार देशांच्या चाळीस विमानांची धुरा त्याच्याकडे होती, आणि मायदेशी परतलं की कायमचं टेबल आणि फायली. जिंकून जायची हाव सुटली त्याला. दुसरा शब्द नाही.

सव्वाअकराला पंच म्हणाला, "निळा एक, मेलास." निळा एक म्हणजे जाइल्स. नेमकं त्याच क्षणी त्याच्या जोडीच्या विमानातून मॉर्वेन केडीनं शत्रूची दिशा कळवली. आवाजावर आवाज चढला. तरी जाइल्सला ऐकू आलं होतं, चांगलं लख्ख. समोर दोन विमानं टप्प्यात होती. मग तो मेलेला माणूस आणखी दोन मिनिटं लढला, दोघांना पाडलं, आणि मागची बॉम्बफेकी विमानं सुखरूप पार झाली.

दुपारी झाडाझडती. त्या खोलीत हुद्दा दाराबाहेर ठेवायचा आणि आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, अशी रीत. ऐंशी माणसं बसली होती. "इंग्रज जिंकले!" इटलीचा फॉस्को ओरडला. "म्हणजे आता तोच तो पाणचट चहा पाजणार!" सगळे हसले, जाइल्ससुद्धा.

सूत्रं ऑस्ट्रेलियाच्या हॅलोरनच्या हातात होती. त्यानं पडद्यावरचं चित्र थांबवलं. "हे विमान इथं मेलंय. मग पुढं गोळी कोण मारतंय, भूत?"

जाइल्सनं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर होता.

"चूक माझी," मॉर्वेन उभी राहिली. "पंचाच्या बोलण्यावर मी बोलले. सरांना ऐकूच गेलं नसणार."

"जाइल्स?"

"नाही गेलं," जाइल्स म्हणाला.

हॅलोरननं फळ्यावर लिहिलं: केडी, मोक्याच्या क्षणी रेडिओवर गोंधळ. नाव लिहून झालं की त्यावर कुणी बोलत नाही, तीही रीतच. मॉर्वेन सहा वर्षं एका गोष्टीसाठी जिवाचं रान करत होती: शस्त्र-प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमातली एकुलती एक जागा. या सरावावर ती ठरायची होती. जाइल्सला हे दुसऱ्या कुणाहून जास्त ठाऊक होतं. तिची शिफारस त्यानंच केली होती.

संध्याकाळी ती त्याच्यासाठी चहा घेऊन आली. "माफ करा, सर. तुमच्या शेवटच्या सरावाला गालबोट लावलं मी."

"सोड गं, होतं असं," तो म्हणाला. त्यानं तिच्या हातून कप घेतला.

सकाळी तो तुकडीप्रमुखांपुढे उभा राहिला आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. "गाढवपणा केलास. कालच सांगितलं असतंस, तर फळ्यावर एक ओळ लागली असती, बस. मॉर्वेनची जागा दुसऱ्याला गेली. अरे, काल रात्री तिनं स्वतःच नाव मागं घेतलं. म्हणाली, ज्याला पंचाचं बोलणं ऐकू देता येत नाही, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं."

"मी तिला सांगतो."

"सांग. पण ते ऐंशी जण? फॉस्को पहाटेच उडाला, ऑस्ट्रेलियाचे निघालेत. मी पत्रं धाडीन. पत्रं कोण वाचतंय?"

मॉर्वेन विमानाच्या शिडीपाशी हातमोजे चढवत होती. जाइल्सनं सांगितलं. लपवलं काहीच नाही, सबबही दिली नाही.

"ऐकलं होतंत?" एवढंच तिनं विचारलं.

"हो."

"रात्रभर मी ती फीत ऐकत होते, सर. वीसदा. माझा आवाज कुठं सुरू होतो ते शोधत." तिचा चेहरा लाल झाला होता. "ओरडला असतात माझ्यावर, तरी चाललं असतं. पण तुम्ही माझा चहा घेतलात."

"मॉर्वेन..."

"निघायला हवं. वाटेत इंधन देणारं विमान आपली वाट बघत नाही बसणार."

जाइल्सला फार वाईट वाटलं, आणि आता वाईट वाटून काही उपयोग नाही हेही कळलं. अटलांटिकवर दोघं पंखाला पंख लावून उडत होते, इतके जवळ की तिचं शिरस्त्राण त्याला स्पष्ट दिसत होतं. ढगांच्या कडेला वळण घ्यायची वेळ आली. "उजवीकडे मोकळं आहे," तो म्हणाला.

तिनं मान वळवली, उजवीकडे नीट पाहून घेतलं, आणि मगच विमान वळवलं. नियमाला धरूनच होतं ते. पण दोन वर्षं जोडीनं उडताना त्याच्या शब्दानंतर तिनं असं स्वतः कधी तपासून पाहिलं नव्हतं.