मंदाच्या शंभर शिळा

मी एकदा शिंकलो आणि कारखान्यातली तीन टनांची क्रेन जागची हलली, हे टाउनशिपबाहेरच्या सोनागिरी वस्तीतल्या पानवाल्यालाही पाठ आहे. बत्तीस वर्षं मी त्या कारखान्यात वाइंडिंगला, म्हणजे मोटारींच्या तारा गुंडाळायला होतो. टाउनशिपमध्ये माझं बोलणं निम्मं करून घ्यायची रीतच पडली होती. "दिगंबरराव दोन वाघ म्हणाले ना, म्हणजे एक मांजर असणार." यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची माझी बायको, मंदाकिनी.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या डाव्या कानामागं गाठ निघाली. गाठ चेहऱ्याच्या नसेलाच धरून बसलेली. काढताना नसही जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि नस गेली. डावा गाल उतरला, ओठाचा कोपरा लोंबला, डोळा मिटेना.

"घाबरू नका," डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "पण वर्ष-दीड वर्षाच्या आत दुसरी नस जोडायची. तोवर स्नायू जिवंत असतात. पुढं ते वाळतात."

मी आत गेलो. मंदाच्या डोक्याला ही एवढी पट्टी. तिनं हातानंच विचारलं, काय म्हणाले?

सात तास मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या लाल दिव्याखाली बसून काढले होते. पुन्हा तसं बसायची माझी छाती नव्हती. मी तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "आपोआप येणार आहे! फक्त रोज आरशासमोर शंभर शिळा घालायच्या."

शिळा कुठून सुचल्या, कुणास ठाऊक. सगळं गाव माझं निम्मं करायचं. त्या दिवशी मंदानं पुरतं घेतलं.

कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला की ती आरशासमोर उभी राहायची. डावीकडून हवा निसटायची, फुस्स. उजव्या कोपऱ्यातून बारीक शीळ यायची. "आज जरा बरी आली का हो?" "अगं, कोकिळा ओशाळली!" आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. मग सांगण्यासारखं काही उरलंच नाही. शिळा मात्र चालू राहिल्या. मी रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून सोनागिरीत आलो, तिथंही.

गेल्या महिन्यात तिचा डावा डोळा लाल झाला, म्हणून नव्या डॉक्टरांकडं गेलो. शालिनी नाव, ग्वाल्हेरकडची मराठी मुलगी.

"काकू, कितने साल झाले?"

"नऊ. पण शीळ घालते ना रोज, सांगितल्याप्रमाणे."

"शीळ? नसच जोडलेली नाही, तर शिळेनं काय होणार? दीड वर्षात नस जोडायची, हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या उजव्या गालावर जे उमटलं ते मला बघवेना. डावा गाल तसाच होता, कोरा. मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

"यांना सांगितलं असेल," ती म्हणाली.

शालिनीबाईंनी कागद ओढला आणि काढून दाखवू लागल्या. आता जुना स्नायू जागा होणार नाही. पापणीत सोन्याचं बारीक वजन बसवता येईल, म्हणजे डोळा मिटेल. मांडीतली पट्टी घेऊन ओठाचा कोपरा वर बांधता येईल, पण तो हलणार नाही. हलायला हवा असेल तर मांडीतला स्नायूच गालात आणून चावायच्या नसेला जोडायचा. ऑपरेशन मोठं. सहा-आठ महिन्यांनी दात आवळले की कोपरा हलू लागेल. "पहिल्यासारखं नाही हं, काकू. आणि या वयात खात्री कमी. नाहीतर उजव्या बाजूला इंजेक्शन देऊन ती थोडी ढिली करायची, फरक कमी दिसतो."

"चांगली आहे तिलाही झोपवायचं?" मंदा म्हणाली. "नको. स्नायूचं करा. आणि डोळ्याचं."

"मंदा, अगं वय..." मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा."

नर्सनं फॉर्म पुढं केला. डॉक्टरांनी कुणाशी बोलायचं, तिथं एक नाव हवं होतं. सवयीनं मी खिशातून पेन काढलं. मंदानं ते माझ्या हातातून घेतलं आणि लिहिलं, सुमित्रा. सुमित्रा म्हणजे तिची इंदूरची धाकटी बहीण.

"इंदूरहून कुठं येत बसेल ती? मी आहे ना इथं."

"ती येईल. डॉक्टर बोलतील ते तिच्यासमोर बोलतील, आणि ती मला सांगेल."

"आणि मी?"

"तुम्ही डबा आणा."

नर्स हसली, तिला गंमत वाटली. मला हसू येईना. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मंदापुढं मला काही रचता आलं नाही. मी विचारलं, "डब्यात काय आणू?"

"दुधी," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता ती फॉर्मवर सही करत होती. "मीठ कमी घाला."