रेघेपुढची जागा

त्या फोनला ‘हो’ मीच म्हणाले. हे आधीच सांगून टाकते, उगाच नंतर कोणी म्हणायला नको की ओतिलियानं लपवलं.

तेवीस वर्षं मी सिदोनिया हार्वानोवाची टायपिस्ट. आधी गावातल्या तिच्या वकिलीच्या खोलीत, मग थेट राष्ट्राध्यक्षांच्या महालात. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात, म्हणून माझ्या तोंडी कायम डॉक्टरबाई. द्राक्षमळ्यांच्या वरच्या जुन्या खाणीत कचरा डेपो होऊ घातला होता. विहिरी नासल्या असत्या. तिनं अकरा वर्षं भांडून तो बेत हाणून पाडला. ती येरझाऱ्या घालत मजकूर सांगायची, मी टाइप करायचे. निकाल विरुद्ध गेला की म्हणायची, “ओतिलियाबाई, नवा कागद चढवा.” त्याच लढ्यावर लोकांनी तिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं.

महालातलं टपाल मी फोडायचे. पहिल्या वर्षी आशीर्वाद आणि मधाच्या बरण्या. पाचव्या वर्षी शिव्या, फासाची चित्रं, एकदा तर काडतूस. काडतूस पोलिसांच्या हाती देऊन बाई मला विचारते, “जेवलात का?” अशी बाई! मार्चमध्ये पुन्हा निवडणूक होती आणि ती उभी राहणारच होती. सोमवारी जाहीर करायचं भाषण मीच टाइप केलं होतं. फक्त एकदा खिडकीशी उभी राहून ती म्हणाली होती, “माझं काही नाही हो. नोएमीला हात लावला तर मात्र मी मोडेन.” नोएमी तिची एकुलती एक लेक, वीस वर्षांची.

सोमवारच्या आधी, शनिवारी, एक नोव्हेंबरला, सर्व संतांचा दिवस आला. त्या दिवशी सगळा देश शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातो. आम्ही तिघीही गावी गेलो. पहारेकऱ्यांना डॉक्टरबाईनं कबरस्तानाच्या फाटकापाशीच थांबवलं. तिच्या वडिलांच्या कबरीच्या दगडावरची पानं नोएमीनं हातानं झाडली आणि ती मोठ्यानं हसली.

“आई, आजीच्या आधी माझाच नंबर लावलाय कोणीतरी!”

आजोबांच्या नावाखाली ताजी सोनेरी अक्षरं होती. नोएमी हार्वानोवा, जन्मसाल, पुढे एक रेघ. रेघेपुढची जागा मोकळी. आमच्याकडे म्हातारी माणसं जिवंतपणीच असं कोरून घेतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण वीस वर्षांच्या पोरीचं नाव? नोएमीचं हसू विरलं.

दोन रांगा पलीकडे आमचा पाथरवट ब्लाझेय बायकोच्या कबरीवर मेणबत्ती लावत होता. डॉक्टरबाईनं त्याला हाक मारली.

“ब्लाझेयकाका, हे कोणी सांगितलं?”

त्यानं टोपी काढली. “तुमच्याच माणसानं, डॉक्टरबाई. चिठ्ठी आणली होती, नाव-साल लिहिलेली. मला वाटलं, पोर आजारी आहे बिचारी. कसं विचारणार? तरी महालात फोन केला होता मी.”

“फोन कोणी घेतला?”

“मी,” मी म्हटलं. “सप्टेंबरात. ब्लाझेयकाका म्हणाले, घरचं एक नाव कोरायचंय, कोरू ना? मला वाटलं, तुमच्या आई. चौऱ्याऐंशीच्या, कधीच्या मागे लागल्यात. मी म्हटलं, अहो, कोरून टाका एकदाचं.”

“पोरीचं नाव तोंडावाटे निघेना हो,” ब्लाझेय म्हणाला.

“तो माणूस आणखी काय म्हणाला?”

“काही नाही. सभ्य होता, करडी टोपी घातलेला. म्हणाला, रेघेपुढचं साल नंतर कळवतो.”

डॉक्टरबाईनं हातमोजा काढला आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. मग कबरींमधल्या वाटेवर येरझाऱ्या घालू लागली. मला वाटलं, आता मला हाकलणार. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

“ओतिलियाबाई, नवा कागद चढवा.”

कागद कुठला? मेणबत्त्यांच्या खोक्याच्या झाकणावर मी लिहून घेतलं: मी पुन्हा उभी राहणार नाही, कारण कौटुंबिक.

“आई, नाही! मी घाबरत नाही त्यांना!” नोएमी ओरडली.

“मी घाबरते,” डॉक्टरबाई म्हणाली.

सोमवारी तिनं तेच वाचलं. दगडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं आम्हाला बजावलं. पोलिसांना तो माणूस सापडला नाही. ब्लाझेयनं नाव घासून काढलं.

पंधरा दिवसांनी गावी आले, तेव्हा पावाच्या रांगेत उभी होते. बेकरीवाली म्हणत होती, “पळाली शेवटी! खुर्चीची हौस फिटली असेल.” मेली! जिच्या विहिरीसाठी आम्ही अकरा वर्षं झिजलो, ती हे बोलत होती. मी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. ब्लाझेय माझ्या मागेच होता. तो वाकून हळूच म्हणाला, “परवा तो करड्या टोपीवाला कबरस्तानात आला होता. दगडावर नाव घासलेल्या जागेवरून हात फिरवला, ‘ठीक आहे’ म्हणाला आणि गेला.”

माझा नंबर आला. बेकरीवालीनं विचारलं, किती देऊ, आणि मला काही आठवेना.