रिकाम्या आसनावरचा गणपती

लीड्समधल्या एका छोट्याशा म्युझियमने एकोणनव्वद साली आसामची खोली उघडायचं ठरवलं आणि सल्ल्याला कुणाला धरलं? आमच्या ह्यांना! उदयराव मराठी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे सगळ्या इंडियाचं यांना ठाऊक असणार. नागपूरच्या पूर्वेला यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. पण कशाला नाही म्हणतील तर ते उदयराव कसले.

खोलीतली मुख्य वस्तू निरुपमाबाई बरुआंची. रिटायर्ड नर्स, मागे-पुढे कुणी नाही. त्यांच्या वडिलांच्या नामघरातलं, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघरातलं, लाकडी सिंहांचं आसन. तिथे मूर्ती नसते, आसनावर फक्त पोथी असते. बाई फ्लॅट सोडून केअर होममध्ये चालल्या होत्या, आसनाला दुसरी जागा नव्हती. अट एकच: पोथीशिवाय त्यावर काही ठेवायचं नाही. पोथी त्या उद्घाटनाला स्वतःच्या हाताने ठेवणार होत्या. ही अट मीच ह्यांना वाचून दाखवली. एका कानाने ऐकली, दुसऱ्याने सोडली.

उद्घाटन नेमकं गणेश चतुर्थीला. हे सकाळीच तिथे गेले आणि रिकामं आसन बघून कासावीस झाले. देवाची जागा अशी उघडी बरी दिसत नाही म्हणे. मंडळाचा पेणहून आणलेला गणपती तिथे बसवला, वर मंत्र म्हणून प्राणप्रतिष्ठाही केली. म्युझियमचे साहेब खूश, खोलीला शेवटी चेहरा मिळाला म्हणाले.

दुपारी निरुपमाबाई गामोशात, म्हणजे त्यांच्याकडच्या तांबड्या काठाच्या पंचात, गुंडाळलेली पोथी छातीशी धरून आल्या. बघितलं आणि दारातच थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ह्यांना बाजूला घेऊन मूर्ती उचला म्हटलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणे, प्रतिष्ठा झाली, आता दहा दिवस, अनंत चतुर्दशीपर्यंत, हलवता येत नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "दहा दिवस मी पोथी कुठे ठेवू?"

माझं डोकंच फिरलं. मूर्तीवर अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं, मूर्ती जराशी हलवली. झाली उत्तरपूजा! दीड दिवसाचा गणपती असतो, तसा हा अर्ध्या दिवसाचा. मूर्ती ह्यांच्या हातात दिली. बाईंनी पोथी ठेवली आणि जमिनीला कपाळ टेकलं. बराच वेळ उठल्या नाहीत.

परतताना बसमध्ये मूर्ती ह्यांच्या मांडीवर. शेजारच्या गोऱ्या आजींनी पेपरात खोलीची बातमी वाचली होती. त्यांनी कौतुकाने विचारलं, म्युझियममधला आसामचा देव तो हाच का?

हे लालबुंद झाले. "आसामचा नाही, पेणचा! काही फरक कळतो की नाही या लोकांना?"

"सकाळी कळला असता तर बरं झालं असतं," मी म्हटलं.